आजीनं गाळलेलं पान पाच

माझ्या आजीनं, म्हणजे मंदाकिनीबाई देशकरांनी, अमरावतीच्या कोर्टात एकतीस वर्षं लघुलेखक म्हणून काढली. साक्षीदार रडो, वकील एकमेकांवर धावून जावोत, तिची पेन्सिल थांबायची नाही. निवृत्तीनंतरही थांबली नाही. आजी-आजोबांना मिळतो त्या सुपर व्हिसावर ती आमच्याकडे कॅनडात, कोक्विटलामला आली तेव्हा बॅगेत भाजणी, दोन स्वेटर आणि शॉर्टहँडसाठी बारा कोऱ्या वह्या होत्या.

पहिली वही भरली ती दारावर आलेल्या दोन मॉर्मन धर्मप्रचारक मुलांमुळे. पांढरे शर्ट, टाय, छातीवर काळी पाटी आणि पाटीवर 'एल्डर'. वय असेल एकोणीस. आजीनं पाटी वाचली आणि मला हाक मारली, "श्रावणी, ये वो पोट्टे. वडीलधारे आलेत."

आमच्या संदेष्ट्याबद्दल दोन मिनिटं बोलू का, असं त्यांनी अदबीनं विचारलं. आजीनं त्यांना सोफ्यावर बसवलं, वही उघडली आणि म्हणाली, "स्लोली. फ्रॉम द बिगिनिंग."

ते दीड तास बोलले. मध्येच एकानं 'आय फील' म्हटलं की आजीची पेन्सिल वर. "नो फीलिंग. व्हॉट यू सॉ, व्हॉट यू हर्ड." चहा दिला तर त्यांच्या धर्मात चहा-कॉफी चालत नाही, म्हणून सुंठीचं दूध दिलं. शेवटी तिनं सगळं त्यांना वाचून दाखवलं आणि खाली सह्या घेतल्या. बिचारे आजीचं धर्मांतर करायला आले होते, जबाब देऊन गेले.

दुसऱ्या दिवशी समोरच्या टाउनहाउसमधली लोर्ना आली. सत्तरीची, अल्बर्टातल्या रँचवर वाढलेली आणि त्याच मॉर्मन चर्चची. "ओ माय हेक," ती दारातच म्हणाली, "तुम्ही आमच्या पोरांच्या सह्या घेतल्यात?" आणि इतकी हसली की हातातला झुकिनी ब्रेड मधोमध मोडला.

तेव्हापासून रविवार सोडून रोज सकाळी सातला बेल वाजायची आणि लोर्ना एवढंच म्हणायची, "मॅंडा, शूज." तळ्याला दोन फेऱ्या, मग सुंठीचं दूध. आई-बाबा ऑफिसात, मी शाळेत. सोमवार ते शुक्रवार आजीशी बोलणारं अख्ख्या कोक्विटलाममध्ये दुसरं कोणी नव्हतं. व्हिसाचे चौदा महिने उरले होते आणि ते लोर्नाच्या बेलवर चालले होते.

मग २०१७ च्या दिवाळी अंकाची वेळ आली. आमच्या मराठी मंडळाचा अंक दिलीपकाका काढतात. ते मूळचे सदाशिव पेठेतले, प्रत्येक वाक्य नाकातून आणि निकाल दिल्यासारखं. ऑगस्टमध्ये त्यांचा फोन आला.

"मंदाकिनीताई, तुमची ती मॉर्मन शेजारीण. त्यांच्या संस्थापकावर एक खुसखुशीत लेख पाहिजे. शीर्षक मी काढून ठेवलंय, 'चाळीस बायकांचा दादला'."

"मोजल्या का तुम्ही?"

"आता ते काय मोजायचं, ताई. जगजाहीर आहे."

"जगजाहीर म्हंजे कोणी पाह्यलं ते सांगता नाही येत, तेच ना? दिलीपभाऊ, तो माणूस तुरुंगात होता. खटला उभा राहायच्या आधीच जमावानं आत घुसून गोळ्या घातल्या त्याले. निकाल लागलाच नाही. मग मी काऊन लावू? मी जबाब लिहीन. दोन्हीकडचे."

दिलीपकाका नाकातून हं म्हणाले. "लिहा. पण वाचक झोपला नाही पाहिजे."

आजीनं लायब्ररीतून भक्तांची पुस्तकं आणली, टीकाकारांचीही आणली. वजनं सारखी व्हावीत म्हणून टीकाकारांचं एक जास्त आणलं. रात्रीची पोळीभाजी झाली की टेबलावर दोन ढीग, मध्ये ती. जोसेफ स्मिथ हा शेतकऱ्याचा मुलगा, देवदूतानं सोन्याच्या पत्र्यांवरचा ग्रंथ दाखवला असं सांगणारा, हे एका ढिगात. त्याआधी तो लोकांना पुरलेलं धन शोधून द्यायचं काम करायचा, हे दुसऱ्यात. हजारो गरीब माणसांना त्यानं गाव दिलं, आधार दिला. विरोधात लिहिणाऱ्यांचा छापखाना फोडायचा हुकूमही त्याच्याच नगरपालिकेनं दिला. छापखान्यापाशी आजीनं चष्मा काढून डोळे पुसले. गोळ्यांपाशीही पुसले. मला वाटलं, हिचं बरोबर चाललंय.

तपासायची तिची पद्धत मात्र माझ्यावर बेतलेली होती. मी सगळ्यांचे आवाज काढते, त्यावरून घरात बोलणी खाते. आजीनं तीच खोड कामाला लावली. "हा परिच्छेद दिलीपभाऊच्या आवाजात वाच." वाचला. "झोप येते का?" नाही. "आता लोर्नाच्या." लोर्नाच्या आवाजात एखादं वाक्य कुजकट वाटलं की खोडायचं, दिलीपकाकांच्या आवाजात भाबडं वाटलं की तेही खोडायचं.

अडलं पान पाचवर. बायकांचं पान. संख्या तीस ते चाळीसच्या मध्ये, आणि हा अंदाज खुद्द चर्चनं तीन वर्षांपूर्वी वेबसाइटवर टाकलेला. सगळ्यात लहान चौदा वर्षांची. पहिली बायको एम्मा, तिला हे मनापासून कधीच मान्य झालं नाही.

"लोर्नाच्या आवाजात वाच," आजी म्हणाली.

मी तोंड उघडलं आणि मिटलं. "येत नाहीये, आजी. इथं लोर्ना गप्प बसेल. गप्प बसायचा आवाज मला काढता येत नाही."

आजीनं पेन्सिलीला नवं टोक केलं आणि पान तसंच ठेवलं.

छापायला देण्याआधी लोर्नाला ऐकवायचं, हे आजीनं स्वतःच ठरवलं होतं. ज्याचा जबाब, त्याला वाचून दाखवायचा, हा कोर्टाचा रिवाज. शनिवारी दुपारी लोर्ना आली. आजी मराठीत वाचणार, मी इंग्रजीत सांगणार.

पहिल्याच पानावर लोर्नानं हात वर केला. "'काही लोक त्याला भोंदू म्हणतात.' कोण लोक? नावं लिही."

आजीनं आक्षेप मान्य करणाऱ्या जजसारखी मान डोलावली. "सस्टेन्ड." आणि समासात खूण केली.

पान चार संपलं. आजीनं अंगठा ओला केला, पान उलटलं आणि वाचायला लागली, "तुरुंगात त्याच्याबरोबर त्याचा भाऊही होता..."

हे पान सहा होतं. एकतीस वर्षांत ज्या बाईनं साक्षीदाराची शिंकसुद्धा गाळली नाही, तिनं अख्खं पान गाळलं. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मी मुकाट्यानं पान सहाचं इंग्रजी सुरू केलं.

"थांब," लोर्ना म्हणाली. "मॅंडा, मी चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्याची पानं उलटते. चाळीस वर्षं. दोन पानं एकदम उलटली की मला आवाजावरून कळतं. पाच कुठंय?"

आजीचे कान लाल झाले. तिनं पाच काढलं आणि वाचलं. यावेळी भरभर, खाली मान घालून. मी माझ्याच साध्या आवाजात सांगत गेले, चौदा वर्षांचीसुद्धा सांगितली. लोर्ना आपला गुडघा चोळत राहिली.

"माझी पणजी हल्डा," ती शेवटी म्हणाली, "तिसरी बायको होती. त्याची नव्हे, नंतरच्या एका माणसाची. अनेक बायकांपायी अमेरिकेत पोलीस मागे लागले तेव्हा तो तिला घेऊन घोडागाडीनं अल्बर्टात पळाला. आधीच्या दोघी मागेच राहिल्या. आमच्या घरी तिचा विषय निघाला की सगळे दोन पानं एकदम उलटतात." मग आजीकडे पाहून, "आता तू पण?"

आजीनं पान पाच परत चारच्या मागे लावलं.

"माझा त्याच्यावर विश्वास आहे," लोर्ना म्हणाली. "आणि हे पान मला सहन होत नाही. दोन्ही खरं. दोन्ही लिही."

आजीनं वही उघडली. "स्लोली. फ्रॉम द बिगिनिंग." संध्याकाळपर्यंत हल्डा चालली. शेवटी लोर्नानं सही केली आणि दुधाला न थांबता गेली.

ती दुधाला थांबली नाही, हे आजीनं रात्री जेवताना तीनदा सांगितलं. रविवारी तिचं चर्च असतं, फेरी नसते. सोमवारी मला शाळेला सुट्टी होती. पावणेसातलाच आजी बूट घालून दाराशी स्टुलावर बसलेली दिसली. सात वाजले. सात-पाच. आजीनं लेस सोडली, परत बांधली.

"येते ना बाप्पा," ती म्हणाली. "नाही आली तं..."

सात-दहाला बेल वाजली. लोर्नाच्या काखेत एक फ्रेम होती. "माळ्यावर शोधत होते. लेखाला फोटो लागेल ना?" फोटोत काळ्या पोशाखातली एक बाई, ओठ घट्ट मिटलेले, कोणाचंही ऐकून न घेणारे डोळे. "मॅंडा, शूज."

"घातले," आजी म्हणाली.

लेख 'जोसेफ स्मिथ: दोन्हीकडचे जबाब' या नावानं गेला. दिलीपकाका म्हणाले, हे शीर्षक म्हणजे सातबाराचा उतारा आहे. तरी त्यांनी तो एका बैठकीत वाचला, हे त्यांच्या फोनवरून कळलं, कारण ते पान पाचबद्दल नाकातून न बोलता बोलले. मग लगेच नाक परत आलं.

"फक्त ताई, ह्या फोटोतल्या बाई कोण? चेहऱ्यावर दिवाळी अजिबात नाही."

"साक्षीदार हायेत त्या," आजी म्हणाली. "मोठा छापा."