गेरूऐवजी किल्ल्याची माती

रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या माणसाच्या हाती भट्टी देऊ नये. मी भालकीत घरामागं छोटी भट्टी बसवली आणि चिनी मातीच्या भांड्यांवर सोनेरी झळाळी चढवायच्या नादी लागलो. कृती मिळाली, जिन्नस मिळेनात. मग एकाऐवजी दुसरं शोधणं आलं, आणि माझ्यातला मास्तर जागा झाला.

तांब्याचं कार्बोनेट नव्हतं. खताच्या दुकानातून मोरचूद आणलं, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात ओतलं, खाली बसलेला हिरवट साका धुऊन वाळवला. इथवर सगळं बरोबर होतं. इथंच थांबलो असतो तर शहाणा ठरलो असतो.

ठाणाकुशनूरच्या माझ्या अक्कानं कप दिला होता. दाजी त्यातनंच चहा प्यायचे. ते गेले, मागं तो एकच कप राहिला.

"बाहेरून सोनेरी करतो म्हणालास म्हणून द्यायलेय. जपून कर बाबा, दुसरा न्हाई."

"अक्का, मी केमिस्ट्रीचा मास्तर हाय," मी ऐटीत म्हणालो.

साका गेरूत कालवून कपाला लेप द्यायचा, भट्टीत धूर कोंडायचा, मग लेप पुसला की खाली झळाळी, अशी कृती होती. पण बिदर जिल्ह्यातल्या माणसानं गेरू कशाला वापरावा? बिदरीची भांडी करणारे धातू काळा करायला बिदरच्या किल्ल्यातली जुनी माती वापरतात, तीच मी घातली. कारागिरांसारखी चिमूटभर जिभेवर ठेवली, खारट लागली, तशी जाणकारासारखी मानही डोलावली.

तो खारटपणा शोऱ्याचा. शोरा तापला की वितळून चिकटतो, शिवाय ऑक्सिजन सोडतो, आणि झळाळीसाठी तर धुरानं ऑक्सिजन काढून घ्यायचा असतो. हे मी जन्मभर फळ्यावर लिहीत आलो. भट्टी उघडली तर लेप कपाला घट्ट चिकटलेला, काळा आणि खरबरीत. फडक्यानं घासलं, चाकूनं खरवडलं, शेवटी तिथंच बसून रडलो.

अक्कानं कप हातात फिरवून पाहिला. "ती माती कामून घातलास रं? गेरू माझ्याकडं डबाभर पडलाय. इचारायचं तर एकदा!"

पुढं महिन्याभरानं गेलो तर ती उंबऱ्याला गेरू लावत बसली होती. गेरू कालवला होता दाजींच्या कपात. मला पाहून तिनं तो लपवला नाही. बोळा बुडवत म्हणाली, "च्या घेतोस?"

मी व्हय म्हणालो. तिनं स्टीलच्या पेल्यात आणला.