जपानी पाहुण्यासाठी समुद्र

नव्वदच्या दशकात मी रोह्याच्या एका कंपनीत टायपिस्ट होते. नवं मशीन बसवायला एक जपानी इंजिनिअर आले होते, आणि आमच्या तिखटानं त्यांचे पार हाल झाले होते. दुपारी नुसता भात चिवडत बसायचे. शेवटी साहेब मला म्हणाले, "सुट्टीला समुद्रावर नेऊ या त्यांना. त्यांच्याकडच्यासारखं जेवण मिळेल अशी जागा बघा. तुम्ही तिकडच्याच ना?"

तिकडचीच! म्हणून काय मला जपानी खानावळ माहीत असणार होती? तरी मी अलिबागला, मुरूडला फोन लावले. एक हॉटेलवाला म्हणाला, "जपानी म्हणजे चायनीजच ना, मॅडम? मिळेल की." मी फोन ठेवला.

खरं तर जागा मला पहिल्याच दिवशी सुचली होती. रेवदंड्याजवळ, समुद्राला लागून असलेलं माझं माहेर. वडिलांना अल्सर होता, म्हणून आई कितीतरी वर्षं मासे नुसत्या मिठाहळदीत शिजवायची. सोबत मऊ भात आणि निखाऱ्यावर भाजलेला सुका बोंबील. जपानी जेवण याहून फार वेगळं नसावं. पण मी पेणच्या, गणपती रंगवणाऱ्या घरातल्या मुलाशी जातीबाहेर लग्न केलं, तेव्हापासून ते दार मला बंद होतं. वडील गेले, तेही मला परक्यांकडून कळलं.

अष्टमी गावाकडचा नदीवरचा पूल ओलांडून कामावर जाता-येता डोक्यात हेच. शेवटी आईला निरोप धाडला. "पाव्हन्याला आन," एवढंच उत्तर आलं. सुट्टीच्या दिवशी कंपनीच्या जीपनं मी पाहुण्यांना घेऊन माहेरी गेले.

आईनं त्यांना पाटावर बसवलं. ताट बघून ते क्षणभर थांबले, मग मान खाली घालून जेवत सुटले. "घे रे बाबा, लाजू नको," म्हणत आई वाढत राहिली. मलाही वाढलं, पण एकदाच. आग्रह केला नाही. मला तिचा राग आला, आणि उगाचच त्या बिचाऱ्या माणसाचाही.

निघताना आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "सांग त्याला, परत ये म्हनावं. घर तुझंच हाय." लग्नानंतर ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होती. मी ते इंग्रजीत सांगितलं. ते कमरेत वाकले.

"येते गो, आये," मी म्हणाले, आणि तिच्या 'ये'साठी उंबऱ्यावर थांबले. आईनं ताटं उचलली आणि ती आत गेली.