हिरव्या कोटातली ताई

मावशीच्या शिलाईच्या दुकानातला लाकडी पुतळा मोडला, आणि शिवलेले कपडे अंगावर कसे पडतात ते बघायला त्याच्या जागी सुतळी उभी राहू लागली. सुतळी म्हणजे मावशीची भाची. अंगानं काडी, म्हणून गल्लीनं ठेवलेलं नाव. पुढं घरातही तेच रुळलं. आई गेली तेव्हा ती एवढीशी होती. बापानं दुसरीकडे संसार मांडला, तेव्हा मावशी तिला घेऊन आली आणि दुकानावरच्या खोलीत तिची गादी टाकली. मावशी वाईट नव्हती. वेळेवर जेवायला घालायची, तापानं फणफणली तर औषध आणायची. फक्त बोलायची नाही. तोंडात सदा टाचण्या धरलेल्या, आणि तोंडात टाचण्या असलेल्या बाईशी कोण काय बोलणार?

सोळावं सरत आलं तेव्हाची गोष्ट. बेकरीवाल्याचा जुना कोट अस्तर बदलायला आला होता. मावशी दोरा आणायला गेलेली. सुतळीनं कोट चढवला आणि बटणं लावायला गेली, तर बटणं काजापर्यंत पोचेनात. खाली बघते तो पोट. चांगलं घागरीएवढं. आरशात हनुवटीखाली आणखी एक हनुवटी, वर झुबकेदार मिशी. "अगं बाई," ती पुटपुटली, तर तेही बेकरीवाल्याच्या घोगऱ्या आवाजात. तिनं ओरबाडल्यासारखा कोट काढला. पोट गेलं, मिशी गेली, काडी उरली. मावशी यायच्या आत तिनं कोट होता तिथं ठेवला आणि मशीनपुढच्या स्टुलावर जाऊन बसली.

मग चोरूनमारून तिनं अंदाज घेतला. नवा कपडा काही करत नसे. कुणी वर्षानुवर्षं वापरून अंगात मुरवलेला असला, तरच ते माणूस तिच्यात उतरे. एका दुपारी गाणं शिकवणाऱ्या बाईंचा कोपरावर विरलेला स्वेटर घालून ती सरळ रस्त्यावर आली. फळवालीनं हाक मारली, "काय बाई, गुडघा कसा आहे आता?" न्हाव्यानं गिऱ्हाईकाला तसंच फेसात ठेवून नमस्कार केला. सुतळी रोज त्याच रस्त्यानं जायची, तेव्हा कुत्रंसुद्धा मान वळवत नसे. परत येऊन तिनं स्वेटर घडी घालून ठेवला. माया, चौकशी, गुडघ्याचं दुखणं, सगळंच उसनं होतं. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. मावशीनं ताट उचललं, विचारलं काही नाही.

आईचा हिरवा कोट मावशीच्या ट्रंकेत तळाशी आहे, हे तिला ठाऊक होतं. बरेच दिवस तिनं धीर केला नाही. एकदा मावशी कुणाच्या घरी मापं घ्यायला गेली, तेव्हा तिनं तो काढून अंगात घातला आणि डोळे मिटूनच आरशापुढं गेली. उघडले तर आई उभी होती. डाव्या भुवईत बारीकसा व्रण, खांद्यावर सैलसर वेणी. सुतळीनं दोन्ही हात स्वतःभोवती घट्ट आवळले. हात आईचेच होते, पण त्यांच्या मिठीत यायला सुतळी जागेवर नव्हती.

मागं जिना वाजला. मावशी दारात होती.

"ताई," ती म्हणाली.

सुतळीला हलता येईना. मावशी पुढं आली, गादीच्या कडेला टेकली. टाचण्या नसलेलं तिचं तोंड सुतळीनं इतक्या जवळून कधी पाहिलंच नव्हतं.

"तुझी पोर सांभाळते गं मी. पण तिच्याकडे बघवत नाही. हसली की तूच हसतेस."

"मग तिला सांग ना तसं," सुतळी आईच्या आवाजात म्हणाली.

"काय सांगू? तिच्याशी बोलायची सवयच नाही लागली मला."

मावशी डोळे पुसत चहा टाकायला खाली गेली. सुतळीनं कोट उतरवून ठेवला. दोन कप घेऊन मावशी वर आली, तिला बघून थबकली, आणि एक कप तिच्यापुढं सरकवला. आपण कुणाशी बोललो ते तिला पहिल्यापासून कळलं होतं.

"उद्या पुन्हा घालशील?" तिनं विचारलं.

सुतळी नाही म्हणू शकली नाही. मग रोज दुपारी दुकानाचं दार ओढून घेतलं की ताई यायची. मावशी तिची वेणी घालायची, बालपणीच्या खोड्या सांगून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायची. दुधाची तहान ताकावर भागवणं ते, पण दोघींचीही भागत होती. संध्याकाळी मात्र कोट खुंटीला आणि टाचण्या तोंडात. सुतळी समोर बसून काजं करायची, आणि दुपारी आपल्या केसांतून फिरलेला हात आता कात्रीवर आहे, हे बघायची.

एके दिवशी वेणी घालता घालता मावशी म्हणाली, "ताई, तू राहाच ना आता. काढूच नकोस हा कोट."

"आणि सुतळी कुठं जाईल?"

मावशीचा हात थांबला. तिनं नुसतं 'वेडी आहेस का' म्हटलं असतं, तरी पुरलं असतं.

सुतळीनं तिच्यासमोर कोट काढला, मांडीवर घेतला आणि उसवायला बसली. बाह्या वेगळ्या, पाठ वेगळी, अस्तर वेगळं. मावशी बघत राहिली. तिनं अडवलं नाही. शेवटी तुकड्यांची चळत तिनंच उचलली, छातीशी धरली आणि ट्रंकेत ठेवून दिली.

त्यानंतर कितीतरी दिवस घरात फक्त मशीनचा आवाज होता. रागावलेली मावशी सुतळीला चालली असती. ही तर सुतक पाळत होती, आणि त्या दुखवट्यात सुतळीला जागा नव्हती. मग एका सकाळी मावशी चुलीपाशी उभी राहून, पाठमोरीच म्हणाली, "तुला चहात साखर किती लागते?"

"अर्धा चमचा."

"मी आपली दोन घालत होते."

"हो."

"बोलायचंस की."

सुतळीनं आपला कप पुढं केला. चहा त्या दिवसापासून नीट झाला.

पुढं ती दुसऱ्या गावी एका मोठ्या शिलाईच्या दुकानात कामाला लागली. जुने कपडे दुरुस्तीला आले की ती ते मांडीवर घेऊन शिवते, अंगाला लावत नाही. बरोबरच्या बायका तिला घुमी म्हणतात. सुट्टीच्या दिवशी ती मावशीकडे जाते. दोघी खिडकीपाशी बसतात, बोलणं दोन वाक्यांत संपतं. निघताना मावशी जिन्यापर्यंत येते आणि दर वेळी म्हणते, "वाळलीस गं." तेवढंच, पण ते तिलाच म्हटलेलं असतं. बस सुटेपर्यंत सुतळी ते मनात घोळवते. मग खोलीवर येऊन कुलूप उघडते आणि आधी दिवा लावते.