नाजिया आणि कुंकवाचा कण

नाजिया माझ्या मुलीपेक्षा लहान आहे आणि मी तिला घाबरतो. हे मी दवाखान्यात कोणाला कळू देत नाही. वाशीमच्या या धर्मादाय दवाखान्याचा व्यवस्थापक म्हणून सगळ्यांवर ओरडणं माझ्याकडे आहे, आणि ओरडणाऱ्यानंच कोणाला वचकून असावं हे शोभत नाही. पण खरं ते खरं.

कारंज्याच्या फय्याज चावीवाल्याची ही मुलगी. बाप कुलपं दुरुस्त करतो, हरवलेल्या चाव्या घडवून देतो. मुलगी अमरावतीला इंजिनिअर झाली, पुण्यात नोकरी केली, मग आईचं दुखणं निघालं म्हणून घरी परतली. आता माडीवर बसून चार जिल्ह्यांतल्या दवाखान्यांची नेटवर्कं सांभाळते. नम्र वगैरे ती अजिबात नाही. मी एकदा फोनवर जरा घाई केली, तर म्हणाली, घाई असेल तर फोन ठेवा, तेवढाच वेळ वाचेल.

आमच्या दोन फायरवॉल तिच्या हवाली आहेत. फायरवॉल म्हणजे दवाखान्याच्या संगणकांच्या दारातला राखणदार. आमच्याकडे जोडी आहे: एक पहाऱ्यावर, दुसरा तयारीत. पहिला पडला की दुसऱ्यानं उभं राहायचं. केनवडच्या आमच्या शाखेतून रोग्यांचे फोटो इंटरनेटवरूनच येतात, पण व्हीपीएन नावाच्या बंद बोगद्यातून, म्हणजे वाटेत कोणी डोकावू नये. त्या बोगद्याच्या कुलपाची चावी सारखी बदलत असते. हे ऐकून फय्याजभाई म्हणाले होते, असं सगळीकडे झालं तर आपण उपाशी मरू.

मागच्या दसऱ्यानंतर हा बोगदा रुसला. केनवडला हिरवा दिवा लागलेला, म्हणजे बोगदा शाबूत. आणि इकडे फोटोच्या नावानं शंख. मी जगाला ठाऊक असलेला उपाय केला. बंद करून चालू केलं. थोड्या वेळानं फोटो यायला लागायचा, अर्ध्यावर थांबायचा, की मी पुन्हा बंद-चालू करायचो. यंत्रं विकणाऱ्या कंपनीचा माणूसही फोनवरून हाच मंत्र देत होता.

एरवी मी नुसता चिडलो असतो. पण त्या दिवशी केनवडला ग्यानबाची नात काचेच्या पेटीत होती. ग्यानबा बाजारात हमाली करतो. नात दिवस भरायच्या आधीच जन्मलेली, पेटीबाहेर काढायची सोय नाही. अशा बाळांच्या डोळ्यांत आत नको त्या रक्तवाहिन्या वाढतात आणि वेळेवर लेझर केलं नाही तर दृष्टी जाते, कायमची. केनवडच्या नर्सनं बाळाच्या डोळ्यांच्या आतले फोटो काढून ठेवले होते. ते बारकाईनं बघणाऱ्या डॉक्टर खुशबू इकडे वाशीमला. अशी बाळं त्या दिवशी तीन गावांत होती आणि डॉक्टरीणबाई एक. कुठं धावायचं ते फोटोंवरून ठरणार होतं. नर्सनं व्हॉट्सॲपवरही पाठवून पाहिले, पण तिथं ते इतके धूसर झाले की बाईंनी फोन बाजूला ठेवला. अंदाजानं मी एका लेकराचे डोळे ठरवणार नाही, म्हणाल्या.

मी नाजियाला बोलावलं. ती स्कूटीवर कारंज्याहून आली, हेल्मेट काढलं, आणि यंत्रांना हातही न लावता खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली. ही तिची रीत. आपण बिघाड सांगायला लागलो की ती थांबवते.

"काय बंद पडलं ते सांगू नोका," ती म्हणाली. "काय चालू हाये ते सांगा."

मी वैतागत सांगू लागलो. दिवा हिरवा आहे. बाकीचं इंटरनेट चालतं. दुसरा राखणदार वेळेवर उभा राहतो. तिनं मान वर केली आणि विचारलं, बोगदा नेमका कधी मरतो? आठवून आठवून मला घाम फुटला, कारण उत्तर एकच निघत होतं. पहारा बदलला की, आणि वीज तर त्या दिवशी सारखी येत-जात होती.

मग तिनं मला समजावलं. दोन राखणदारांमध्ये दोन तारा असतात. एक तार सांगते, मी जिवंत आहे. दुसरीतून पहिला दुसऱ्याला या घडीची चावी देत राहतो. ही दुसरी तार काचेची, तिच्यातून प्रकाश धावतो. तीच मुकी झाली होती. वीज गेली की नवा राखणदार उभा राहायचा, पण त्याच्याकडे चालू चावी नसायची. नवी चावी ठरेपर्यंत केनवडहून आलेलं तो परकं समजून फेकून द्यायचा, आणि केनवडला वाटायचं सगळं आलबेल आहे.

"आन तुमी बंद-चालू करून दरवेळी पहारा बदलून राह्यले," ती म्हणाली. "तुमचं औषधच दुखणं हाये, गोविंदाकाका."

मी चूक कबूल केली. ही घटना आमच्या दवाखान्यात दुर्मिळ आहे.

तिनं काचेची तार उपसली, तिचं टोक पेनाएवढ्या सूक्ष्मदर्शकात धरलं आणि पडद्यावर मला दाखवलं. केसाहून बारीक काच चंद्रासारखी गोल दिसत होती, आणि तिच्या बरोबर मधोमध एक लालभडक डोंगर. मी बघतच राहिलो. केनवडच्या बाळाची नजर आणि वाशीमची डॉक्टर यांच्या मधे तेवढा एक कण बसला होता.

नाजियानं विचारलं, खंडेनवमीला इथं पूजा कोणी केली?

केली होती आमच्या देवमन इलेक्ट्रिशियननं. दरवर्षी तो पक्कड, पाने, टेस्टर मांडून पूजा करतो. त्या वर्षी त्याच्या मनात आलं, एवढा दवाखाना राखणारी ही जोडी, हिला कसं वगळायचं? प्रत्येक तार उपसली, पुसली, तोंडाला कुंकू लावलं आणि होती तिथं बरोबर परत बसवली. मनापासून केलेलं काम होतं. आता तो दारात उभा राहून ऐकत होता आणि त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मी तोंड उघडणार तेवढ्यात नाजिया त्याच्याकडे वळली.

"देवमनकाका, माहे अब्बा सकाळी दुकान उघडलं का पैल्या चावीले अत्तर लावतेत. पण दांडीले लावतेत, दातांले नाही. तुमीबी तारीच्या पाठीले लावत जा."

देवमननं मान डोलावली.

तिनं टोक साफ केलं, तार बसवली. फोटो यायला लागला. फोटो किती आला ते दाखवणारी पडद्यावरची पट्टी अर्ध्यावर गेली आणि नेमकी वीज गेली. बाकी सगळं बॅटरीवर तगलं, पण पहिल्या राखणदाराची बॅटरी आमच्याइतकीच म्हातारी, तो लगेच विझला. दुसरा उभा राहिला, आणि पट्टी थांबलीच नाही. कुठं गचका नाही, काही नाही. मधे काही घडलंच नव्हतं अशी ती पुढं सरकत राहिली. मी हात जोडले. त्या पोरीला, त्या काचेला की आणखी कोणाला, ते मला अजून सांगता येत नाही. एवढं मोठं काही मी इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं.

डॉक्टर खुशबूंनी फोटो पाहिले, पर्स उचलली आणि म्हणाल्या, "मी केनवडला निघते. लेझर आजच करावं लागेल."

यंदाच्या खंडेनवमीला देवमननं तारांना हात लावला नाही. दोन्ही यंत्रांच्या पाठीवर कुंकवाचं एकेक बोट टेकवलं, वर झेंडूची फुलं ठेवली. नाजियाही आली होती, पेढ्यांच्या निमित्तानं पण खरं म्हणजे तारा तपासायला. ग्यानबा नातीला तपासणीसाठी घेऊन आलेला, तोही दारात थांबला. मी पोरीला कडेवर घेतलं आणि यंत्रांजवळ नेलं. एवढी झेंडूची फुलं होती, लुकलुकणारे हिरवे दिवे होते. पोरीनं त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. वाकली, आणि देवमनच्या बोटावरून यंत्रावर सांडलेला कुंकवाचा एक बारीक कण होता, बरोबर त्याच्यावर तिनं बोट ठेवलं.