गोविंदरावांचं ओलं जाळं

गोविंदराव सर गेल्याचा मेसेज लॅबच्या ग्रुपवर आला आणि पाच मिनिटांत जोडलेल्या हातांची रांग लागली. मी काहीच टाकलं नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात... महिना झाला, मला अजून चांगलं काही सुचत नाही.

अण्णा नगरमधल्या आमच्या पाणी तपासणीच्या लॅबचे ते प्रमुख, तंजावरच्या मराठी घराण्यातले. मी नाशिकहून आले त्या दिवशी म्हणाले, "अम्मा, तुमचं मराठी पेपरातलं. आमचं राजांच्या वेळचं." तेव्हा मला हसू आलं, पुढे कधी आलं नाही. कुणाची स्लाइड चुकली की नाव घेऊन सगळ्यांसमोर चिरफाड करायचे. पण नजर पक्की होती. श्रीपेरुंबुदूरच्या पलीकडे नदीतल्या दगडांवर बुळबुळीत तपकिरी थर दिसला, तेव्हा सूक्ष्मदर्शकात बघून त्यांनीच पहिल्यांदा सांगितलं, की हे शेवाळ आपल्याकडचं नाही, बाहेरून आलंय. एवढं श्रेय त्यांचंच.

मग ते दुसऱ्या नदीत सापडलं, मग तिसऱ्या. मी जुन्या नोंदी काढल्या. आमची जीप ज्या क्रमानं गेली होती, त्याच क्रमानं शेवाळ गेलं होतं. नमुना घेतला की पाणी गाळायचं बारीक जाळं त्याच नदीत तीनदा खळबळायचं आणि ओलंच पिशवीत गुंडाळायचं, ही सरांची पद्धत. आणि ओल्या जाळ्यात हे शेवाळ कित्येक दिवस तग धरतं. मी वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती मिटली. "माझं जाळं? तू जन्मायच्या अगोदरपासून धुतों मी. तू शिकवणार मला?"

अहवालात त्यांनी खापर मच्छीमारांच्या होड्यांवर फोडलं. तिसऱ्या नदीवर होड्यांना बंदी आली. तिथला मच्छीमार मुरुगेसन, जो आम्हाला नमुन्यांसाठी स्वतः वल्हवत न्यायचा, आज एका कारखान्याच्या गेटवर शिट्टी फुंकतो. त्या अहवालावर सरांखाली माझी सही आहे. नोकरी पक्की व्हायची होती, मी शेपूट घातली. सरांचा मला राग येतो, आणि त्यातला निम्मा माझा मलाच येतो. लॅबमध्ये जाळं आजही ओलंच गुंडाळतात. कुणी विचारलं तर उत्तर तयार असतं, सरांची पद्धत आहे.

गेल्या रविवारी मुरुगेसनच्या घरी जाऊन मोडक्यातोडक्या तमिळमध्ये सगळं सांगितलं. तो ओरडेल असं वाटलं होतं. तो एवढंच म्हणाला, "मॅडम, हे लिहून द्याल?"

तमिळमधलं त्याला दिलं, बंदी घालणाऱ्या कचेरीतही दिलं. सरांना इथली तुम्ही मराठी मंडळीही मानत होतात, म्हणून मराठीतलं हे तुमच्यासाठी. शेवाळ मुरुगेसननं आणलं नाही. आम्ही आणलं. या वेळची सही मी कुणाच्या खाली केलेली नाही.