लिलावातली पेटी

“बांधू नको गो ती पेटी. खर्जातली एक पट्टी किरकिरता.”

“बाबा, लिलाव काल संपला. त्या बाईंनी पैसेपण भरले. उद्या कुरिअरवाला न्यायला येतोय.”

“म्हणान तर सांगतंय.”

सुनेने, रुचिराने, कात्री खाली ठेवली. तिचा सासरा जयवंत परब भांडुपच्या चढावर बाजाच्या पेट्या दुरुस्त करतो. बाप गिरणीत होता. हा दादरला एका पेटीवाल्याच्या हाताखाली शिकला. हल्ली दुकानाकडे गिऱ्हाईक फिरकत नाही, म्हणून रुचिराने महिनाभर मागे लागून ही पहिली पेटी फोनवरच्या लिलावात लावली. वर्णन जयवंतनेच सांगितलं होतं, सगळ्या पट्ट्या सुरात. तपासली कशी, तर एक गजर वाजवून. जन्मभर काळी दोनमध्ये भजनं म्हटलेल्या माणसाचा हात डावीकडच्या टोकाला, खर्जाकडे, जाणार कशाला?

“एका पट्टीसाठी त्या सौदा मोडतील,” रुचिरा म्हणाली. “पहिल्याच विक्रीला वाईट शेरा पडला तर पुढे कोण बोली लावणार?”

“मी सांगितलेला खोटा निघाला. तिना बोली ता वाचून लावल्यान. लाव फोन.”

घेणारी मृणालिनी अकोल्याची, लहान मुलांना गाणं शिकवणारी. फोन स्पीकरवर ठेवून जयवंतने गजरासकट सगळं सांगून टाकलं. नको असेल तर पैसे परत, हेही सांगितलं.

“काका, पोरं टोकाच्याच पट्ट्या आधी बडवतात.”

“बडवूदेत. चार दिवस दिलात तर सारकी करून पाठयतंय. पट्टीखालची वाजणारी पितळेची जीभ घासली की दोन दिसांनी सूर परत उतारता. तेवा परत बघूक व्हया.”

“मी बोली लावलीय, मागे हटत नाही. पण नियमाने तुम्ही उद्या पाठवायला हवी. उशीर तुमच्याकडून होतोय, तसं लेखी कळवा. आणि निघायच्या आधी एकेक पट्टी वाजवून ऐकवा. गजर नको.”

रुचिराला हसू आलं. जयवंतला नाही.

“लिव गो,” फोन ठेवून तो म्हणाला. “चार दिवस. चूक माजी, ता पण लिव.”

ती लिहायला बसली. त्याने पेटीवरचं झाकण उचललं, पहिली पट्टी दाबली, कान लावला, मग दुसरी. किरकिरणारी जीभ स्क्रू काढून बाहेर घेतली, उजेडात धरली, आणि बारीक कानस उचलली.