इंचकाकांचे चार टायर

इंचकाका माणसाच्या तोंडाकडे नंतर पाहत, आधी त्याच्या गाडीच्या चाकाकडे. नागपूरच्या नंदनवन भागात त्यांचं टायरचं दुकान. खरं नाव पाटीवर होतं, पण ते कोणी वाचलं असेल तर शपथ! मी हौसेनं जुनी स्पोर्ट्स कार घेतली आणि तिला अठरा इंची रिम टाकायच्या म्हणून त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चहा पाजला आणि मला वेड्यात काढलं.

"अठरा कायले पाहिजेत तुले? धरमपेठेत मिरवाले? पहिल्याच खड्ड्यात वाकन."

मग फरशीवर खडूनं दोन गोल काढले. बाहेरचा टायरचा, आतला रिमचा. "रिम वाढली का रबर कमी करा लागते. बाहेरचा गोल होता तेवढाच राह्यला पाहिजे, नाही तं स्पीडचा काटा खोटं बोलते. अन् खोटं बोलणाऱ्या गाडीत बसू नाही." दोन महिने, दर रविवारी आम्ही खडू घेऊन बसलो. बायको म्हणायची, "पोरीची शाळा निवडताना एवढा विचार नाही केलात!"

टायरवरचे आकडे वाचायला त्यांनीच शिकवलं. रुंदी, जाडी, रिम. आणि एका बाजूला छोट्या चौकटीत चार आकडे, म्हणजे टायर कोणत्या आठवड्यात, कोणत्या वर्षी बनला ते. काका ते डोळे मिटून बोटानं वाचत. "ही बाजू नेहमी बाहेर पाहिजे. जो आत फिरवते, तो चोर समज."

शेवटी सतरा इंच ठरले. "ही साइज नागपुरात माझ्याजवळच भेटन," काका म्हणाले. काळे कुळकुळीत चार टायर त्यांनी स्वतःच्या हातानं बसवले. मी काय खूश होतो!

टायर बसवल्यापासून सातव्या महिन्यात कुहीच्या रस्त्यावर, भर दुपारी, मागचा टायर फुटला. शेजारी बायको, मागे मुलगी. गाडी गरकन फिरली आणि धानाच्या शेतातल्या बांधीत जाऊन थांबली. कोणाला खरचटलंही नाही, पण पोरगी परत गाडीत बसायला तयार होईना. चाक काढलं तेव्हा आतल्या बाजूला ती चौकट दिसली. टायर नऊ वर्षांचा. बाकीचे तिन्ही तसेच, आणि तिन्हींच्या चौकटी आत.

माझं डोकंच फिरलं. फुटलेला टायर नेऊन त्यांच्यासमोर आदळला. "काका, काहून?"

त्यांनी आकड्यांवरून बोट फिरवलं. "साइज बरोबर होती गा. पण कोणी घेऊनच नव्हतं राह्यलं. पडून होते."

म्हणजे दोन महिने खडूनं गोल काढले, ते या पडून राहिलेल्या चार टायरांसाठी!

"तुले तं वाचता येत होतं," ते म्हणाले. "तू काहून नाही पाह्यलं?"

"तुम्ही बसवले होते म्हणून."

"म्हणूनच तं तुले देले."

मी पुन्हा नंदनवनात गेलो नाही. नवे टायर घेताना सगळं गणित दुसऱ्याकडून तपासून घेतलं. साइज काकांचीच बरोबर निघाली, तीच घेतली. आता टायर बसवताना मी शेजारी उभा राहतो आणि चौकट बाहेर आहे ना, हे बोटानं चाचपून पाहतो. डोळे आपोआप मिटतात. त्याचाच मला जास्त राग येतो.